विफलबॉलच्या स्पर्धेत उतरताय? आधी स्ट्राइक टाकायला शिका

“अरे, नाव तरी जरा बरं बघायचं खेळाचं!” विफलबॉलच्या, म्हणजे भोकांच्या प्लास्टिक चेंडूनं खेळायच्या छोट्या बेसबॉलच्या स्पर्धेत आम्ही संघ उतरवतोय म्हटल्यावर आई फोनवर पहिलं हेच म्हणाली. मराठीत विफल म्हणजे वाया गेलेलं, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. गंमत अशी की इंग्रजीतही या नावाचा उगम जवळपास तिथलाच. बॅटरनं जोरात दांडू फिरवला आणि तो नुसताच हवेला लागला, की बेसबॉलवाली पोरं त्याला ‘व्हिफ’ म्हणतात. तीनदा व्हिफ झालं की गडी घरी.

खेळ जन्मला तो अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, फेअरफिल्ड गावी, १९५३ साली. डेव्हिड मलेनी यांचा बारा वर्षांचा मुलगा परसात झाडूच्या दांडक्यानं आणि भोकाभोकाच्या प्लास्टिकच्या गोल्फ चेंडूनं खेळायचा. चेंडू वळवायच्या नादात हात दुखवून घ्यायचा. बापानं अत्तराच्या वेष्टनासाठी बनवलेले प्लास्टिकचे गोळे मिळवले, ब्लेडनं त्यांना नाना तऱ्हेची भोकं पाडून पाहिली. शेवटी एका अर्ध्या भागावर आठ लांबट भोकं आणि दुसरा अर्धा कोरा, हा नमुना फारसा जोर न लावता वळू लागला. आजही तोच चेंडू आहे आणि त्याचा कारखाना कनेक्टिकटमध्येच, शेल्टन गावात आहे.

मी याच राज्यात राहतो आणि गेली सहा वर्षं उन्हाळ्यात हौशी स्पर्धा खेळतोय. आमचा संघ म्हणजे मराठी मंडळातले पाच जण, सगळे टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेले. पहिल्या वर्षी आम्ही तीन सामने खेळलो आणि तिन्ही हरलो. त्यातल्या एका सामन्यात समोरच्यांनी एकही धड फटका मारला नव्हता. आमच्या पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) स्ट्राइक, म्हणजे नेमातला चेंडू, न टाकता एकामागून एक वॉक दिले, म्हणजे नेमाबाहेर टाकून बॅटरला धावेच्या वाटेवरचा एकेक बेस फुकट दिला, आणि त्यावरच त्यांच्या चार धावा झाल्या. पुढे जे सांगतोय ते त्या दिवसापासून शिकलेलं आहे. त्यात पिचिंगबद्दल जास्त आणि बाकीच्याबद्दल कमी सापडेल, कारण हा खेळ तसाच आहे.

नियमपत्रिका आधी, सराव नंतर

क्रिकेटसारखा सगळीकडे एकच नियम असेल, हे डोक्यातून काढा. चेंडूच्या कंपनीचे स्वतःचे नियम आहेत आणि ते फार साधे आहेत. मैदान निदान साधारण २० फूट रुंद आणि ६० फूट लांब हवं. एका बाजूला एक खेळाडू असला तरी चालतं, पूर्ण संघ पाचाचा. कुणी पळायचं नाही. बॅटरपासून साधारण २४ फुटांवर एका बेसची खूण, त्यापुढे साधारण वीस-वीस फुटांवर दोन आणि तीन बेसची, आणि त्याच्याही पलीकडे होम रन, म्हणजे सगळे बेस पार. चेंडू कुठवर गेला त्यावर धावपटू मनातल्या मनात पुढे सरकतात. त्यांना ‘भूत धावपटू’ म्हणतात आणि पहिल्या दिवशी हेच डोक्यात ठेवणं सगळ्यात अवघड जातं.

स्पर्धांमध्ये मात्र प्रत्येक आयोजक यात आपली भर घालतो. म्हणून नाव देण्याआधी पत्रिका मागवा आणि एवढी उत्तरं शोधा. बेसवर पळायचं आहे की भुतं पळणार? पळायचं असेल तर धावणाऱ्याला चेंडू फेकून मारता येतो का? कंपनीच्या नियमांत वॉक मिळतच नाही, पण बहुतेक स्पर्धांत मिळतो, तर तो किती बॉलनंतर, म्हणजे नेमाबाहेरच्या चेंडूंनंतर? पिचर किती फुटांवरून टाकणार? वेगावर मर्यादा आहे का? हा प्रश्न फार महत्त्वाचा. वेगमर्यादा नसलेल्या स्पर्धेत नवखा संघ उतरला तर तीन-चार इनिंग नुसता वाऱ्याला पंखा घालत राहतो. आणि शेवटचा प्रश्न: चेंडू खरवडायला परवानगी आहे का? त्याकडे पुढे येतोच.

स्पर्धा निवडतानाही हेच बघा. इंडियाना राज्यातल्या मिशावाका गावात १९८० मध्ये सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसारख्या जुन्या स्पर्धा आहेत. मिशिगनमधल्या ब्रायटन गावी शाळकरी पोरांनी सुरू केलेली एमएलडब्ल्यू नावाची लीग आहे. तिचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, ते जरूर बघा, पण आपण तसं टाकू असं समजू नका. नवख्या संघासाठी मदतनिधीच्या स्पर्धा उत्तम. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावात एका माणसानं आपल्या घराच्या आवारात बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाची छोटी प्रतिकृती उभारली, हिरव्या उंच भिंतीसकट. तिथे ट्रॅव्हिस रॉय या जायबंदी आइस हॉकीपटूच्या नावाच्या निधीसाठी अनेक वर्षं स्पर्धा भरत असे. गावोगावच्या बागांत, शाळांच्या मैदानांवर अशा छोट्या स्पर्धा होतच असतात. तिथे हरलात तरी समोरचा संघ तुम्हाला हॉटडॉग खायला बोलावतो.

माणसं

नियमपत्रिकेत चार लिहिले असतील तर सहा घ्या, पाच असतील तर सात. दिवसभरात चार-पाच सामने होतात आणि कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस मधेच येतो. खेळाडू निवडताना ‘चांगला बॅट्समन’ शोधू नका. ज्याला दगडानं कैरी पाडता येते असा माणूस शोधा. फेकीत अचूकपणा असलेले किमान दोन, जमल्यास तीन जण हवेत, कारण एकाच्याच खांद्यावर दिवस निघत नाही. आमच्याकडे सगळ्यात भरवशाचा पिचर कोण निघाला, तर पुण्याच्या एका बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले काका. वेग जवळपास शून्य, पण दहापैकी सात चेंडू बॅटरमागच्या फळीवर, म्हणजे स्ट्राइक. पोरं त्यांना ‘स्पीडगन’ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

सामान

पिवळा प्लास्टिकचा दांडू, ३२ इंची, लांब आणि काठीसारखा बारीक. बरेचदा स्पर्धेत हाच लागतो, म्हणून सरावही याच्यावरच करा. काही ठिकाणी जाडसर किंवा दुसऱ्या साहित्याचे दांडू चालतात, पण ते लगेच विकत घेऊ नका. चेंडू मात्र भरपूर घ्या, निदान दोन डझन. आकार बेसबॉलएवढा, वजन जेमतेम वीस ग्रॅम. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ग्रॅमच्या खाली जात नाही, यावरून अंदाज करा. थंडीत आणि जोरदार फटक्यानं हे चेंडू तडकतात.

एक चूक टाळा. पिकलबॉल आता मुंबई-पुण्यातही जोरात आहे, त्यामुळे बऱ्याच घरांत त्याचा भोकांचा चेंडू सापडतो. दिसायला भाऊबंद, पण त्याला भोकं सगळीकडून असतात. एक अर्धा कोरा नसल्यामुळे तो विफलबॉलसारखा वळत नाही. त्यावर केलेला पिचिंगचा सराव फुकट जातो. भारतात असाल आणि खरा चेंडू मिळत नसेल, तर निदान बॅटिंगचा सराव त्यावर करता येईल.

परसातलं मैदान

सरावासाठी एकच गोष्ट अत्यावश्यक आहे, ती म्हणजे बॅटरच्या मागची फळी. स्पर्धेत ती पाइपच्या चौकटीवर बसवलेल्या पत्र्याची किंवा प्लायवुडची असते. चेंडू फळीला लागला की स्ट्राइक, पंचाचा संबंध नाही. साधारण मापं दोन फूट रुंद, अडीच ते तीन फूट उंच आणि जमिनीपासून फूटभर वर. तुमच्या स्पर्धेची नेमकी मापं पत्रिकेतून घ्या आणि तेवढीच बनवा, इंचभरही मोठी नको. आम्ही पहिला महिना बागेतली घडीची खुर्ची ठेवून खेळलो. खुर्ची फळीपेक्षा रुंद निघाली आणि आमचे सगळे ‘स्ट्राइक’ खोटे होते, हे स्पर्धेच्या दिवशी कळलं.

फळीपासून पिचरची जागा पत्रिकेतल्या अंतरावर दोरीनं मोजून घ्या. पावलांनी मोजलेलं अंतर दर वेळी वेगळं येतं, आणि काकांची पावलं निराळी, माझी निराळी. बेसच्या खुणांना रिकाम्या बाटल्या चालतात.

पिचिंग

आता मुख्य गोष्ट. या चेंडूला वळवणारं तुमचं मनगट कमी आणि हवा जास्त. चेंडू पुढे जाताना हवा भोकांतून आत शिरते आणि आतल्या आत घुमते, बाहेरून भोकांच्या बाजूनं वेगळी वाहते आणि कोऱ्या बाजूनं वेगळी. आतला प्रवाह चेंडूला एका बाजूला रेटतो, बाहेरचा दुसऱ्या. पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजच्या प्राध्यापक जेन स्ट्राउड रॉसमन यांनी हा चेंडू वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून याच ओढाताणीचा अभ्यास केला आहे. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की कोऱ्या बाजूचा गुळगुळीतपणा गेला की पारडं झुकतं, आणि खरवडलेला चेंडू भोकांच्या उलट दिशेला, म्हणजे कोऱ्या बाजूकडे, ठळकपणे वळू लागतो. रिव्हर्स स्विंग ज्यानं बघितलाय त्याला हे पटकन पटेल.

आणि इथेच क्रिकेटवाल्याचा जीव घुटमळतो. चेंडूला सँडपेपर लावायचा म्हटलं की आपल्याला २०१८ चं केपटाउन आठवतं. इथे मात्र बऱ्याच स्पर्धांत ते राजरोस चालतं. कुणी सिमेंटच्या फुटपाथवर चेंडू घासतो, कुणी सँडपेपर वापरतो, कुणी चाकूनं बारीक रेघा मारतो. पहिल्या वर्षी समोरचा पिचर इनिंगच्या आधी शांतपणे बसून कोयरी कोरल्यासारख्या रेघा मारत होता. आमचा निखिल माझ्या कानात म्हणाला, “दादा, पंचांना सांगू का?” पंच नव्हताच, आणि नियमात बसत होतं. तुमच्या स्पर्धेत चालत असेल तर तीन-चार चेंडू कोऱ्या बाजूनं मध्यम सँडपेपरनं एकसारखे घासून ठेवा, चकाकी जाईपर्यंत. आरपार भोक पडू देऊ नका. चाकू मात्र पोरांच्या हातात नको.

मग शिकायचं कुठल्या क्रमानं?

पहिले दोन आठवडे वळण विसरा. चेंडू भोकं वर करून दोन बोटं आणि अंगठ्यात हलकाच धरा, तळहाताला चिकटू देऊ नका. खांद्यावरून, कोपर वाकवून फेका. क्रिकेटमधला सरळ हात इथे कुणी मागत नाही आणि तसा टाकलात तर फळी सापडत नाही. टप्पा तर मुळीच पडू द्यायचा नाही. आमच्या एका गड्यानं सवयीनं गुड लेंग्थवर टप्पा टाकला, चेंडू गवतात रुतून बसला आणि समोरचे पोट धरून हसले. एका बादलीत तीस चेंडू घ्या, सगळे टाका, फळीवर किती लागले ते वहीत लिहा. शंभरात साठ लागायला लागले की तुम्ही हौशी स्पर्धेत वाईट पिचर राहिला नाहीत. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, पण तो फारसा चुकलेला नाही.

मग चेंडूचा स्वभाव तपासा. उजव्या हातानं फेकत असाल तर भोकं उजवीकडे ठेवून दहा टाका, मग डावीकडे ठेवून दहा. खरवडलेला चेंडू पहिल्या प्रकारात तुमच्या डावीकडे जाईल, म्हणजे उजव्या बॅटरपासून लांब. यालाच इथे स्लायडर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तो उजवीकडे, बॅटरच्या अंगावर येईल, हा स्क्रूबॉल. कोरा नवा चेंडू कदाचित असं ऐकणार नाही, म्हणून प्रत्येक चेंडूची चाचणी स्वतः घ्या आणि मार्करनं खूण करा. आमच्या पिशवीतल्या चेंडूंवर मराठीत अक्षरं आहेत, ‘डा’, ‘उ’, आणि एकावर ‘बि’ म्हणजे बिघडलेला. समोरच्यांना वाचता येत नाही, हा आमचा एकमेव गुप्त डाव.

नंतर खाली पडणारा चेंडू. डोक्यावरून, भोकं वर. तो फळीच्या वरच्या काठावर नेम धरून टाकायचा, खाली आला तरी स्ट्राइक होतो. आणि सगळ्यात शेवटी रायझर. हात कमरेच्या खालून आडवा आणायचा, भोकं जमिनीकडे, आणि चेंडू बॅटरसमोर वर उठतो. दिसायला फार देखणा, पण सुरुवातीला दहातले सात डोक्यावरून जातात. स्पर्धेला महिना उरला असेल तर रायझरच्या नादी लागू नका. एक स्लायडर आणि एक सरळ, दोन्ही फळीवर, एवढ्यानं हौशी बॅटर पुरेसा गोंधळतो.

किती टाकायचं यालाही मर्यादा ठेवा. चेंडू हलका म्हणून हात दुखणार नाही, हा भ्रम आहे. हाताला चेंडूचं वजन लागत नाही, त्यामुळे माणूस नकळत जास्त जोर काढतो आणि दुसऱ्या दिवशी खांदा वर जात नाही. आधी पाच मिनिटं हात फिरवा, चार-पाच हलक्या फेकी करा. एका दिवशी शंभराच्या वर नको, आणि मध्ये एक दिवस विश्रांती.

बॅटिंग

क्रिकेट इथे मदत करतं आणि अडचणही करतं. नजर चांगली असते, फुलटॉसची भीती नसते, आणि इथे प्रत्येक चेंडू फुलटॉसच असतो. पण तीन सवयी मोडाव्या लागतात.

पहिली, सोडण्याची. आपल्याकडे यष्टीबाहेरचा चेंडू सोडला की पॅव्हेलियनमधून ‘शाब्बास’ येतं. इथे मागे फळी आहे. वळून आत आलेला चेंडू सोडला आणि फळीवर ‘टक’ वाजलं की स्ट्राइक. तसे तीन झाले की तुम्ही दांडू न उचलता बाद. दुसरी, मागच्या बाजूचे फटके. लेट कट, ग्लान्स, फाइन लेगला ढकलणं हे सगळं इथे फाउल. समोरच्या दोन रेघांमधल्या जागेतच खेळायचं. (दोन स्ट्राइकनंतर फाउल गेला तर बहुतेक नियमांत तुम्ही बाद होत नाही, म्हणून अडचणीत सापडलात तर चेंडूला नुसता स्पर्श करा.) तिसरी सवय पुढे झेपावण्याची. चेंडू हातातून सुटताना एका दिशेनं येतो आणि त्याचं बरंचसं वळण शेवटी-शेवटी दिसतं. आधीच पुढे सरसावलेला क्रिकेटपटू त्या वळणाआधी दांडू फिरवून मोकळा झालेला असतो.

म्हणून वजन मागच्या पायावर, हात खांद्याजवळ मागे, दांडू आडवा आणि लहान फिरवायचा. दांडू इतका हलका आहे की मोठ्या फटक्याची गरजच नसते. पिचरच्या बोटांकडे बघा. भोकं कुठल्या बाजूला आहेत ते दिसलं तर चेंडू कुठे जाणार हे आधीच कळतं. हुशार पिचर म्हणूनच चेंडू पाठीमागे धरून पकड घेतात. तुम्हीही तेच करा.

बॅटिंगचा दुसरा निम्मा भाग म्हणजे मोजणं. समोरच्या पिचरनं लागोपाठ दोन बॉल फळीबाहेर टाकले की पुढचा मारायला जाऊ नका. दमलेला हौशी पिचर आपणहून वॉक देतो. ज्या सामन्यात आम्ही वॉकवर चार धावा दिल्या, तिथल्या समोरच्या संघानं एवढंच केलं होतं. सगळ्यांना खुणेनं सांगायला एक माणूस बाहेर ठेवा. आमचा शब्द ‘थांब रे’ आहे. समोरच्यांना काही कळत नाही.

क्षेत्ररक्षण आणि वारा

भुतं पळणार असतील तर एक नियम तुमच्या बाजूनं काम करतो. कंपनीच्या नियमाप्रमाणे जमिनीवरचा चेंडू पळता असतानाच उचलला तर बॅटर बाद, झेल तर बादच. हलका चेंडू गवतात फार लवकर मरतो, म्हणून थांबून वाट बघणारा हरतो आणि पुढे धावणारा जिंकतो. कव्हरला तुफान धावणारी माणसं इथे सोनं असतात. ग्लोव्ह बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. झेल दोन्ही हातांनी, छातीशी, कारण हाताला लागून हा चेंडू साबणासारखा उडतो.

वाऱ्याचा अंदाज प्रत्येक इनिंगआधी चिमूटभर गवत सोडून घ्या. पिचरच्या तोंडावर वारा असेल तर चेंडू जास्त वळतो आणि मध्येच मंदावतो, पाठीवर असेल तर वळण कमी. आडवा वारा सगळ्यात वाईट. दोन वर्षांपूर्वीच्या उपांत्य फेरीत आमचा ‘डा’ चेंडू डावीकडच्या वाऱ्यात सरळ निघाला, समोरच्याच्या दांडूच्या मधोमध बसला आणि कुंपणापलीकडे गेला. चूक चेंडूची नव्हती. इनिंग बदलताना वाऱ्याची बाजू बदलली होती आणि आम्ही गवत सोडायला विसरलो होतो.

स्पर्धेचा दिवस

सकाळी लवकर पोचा, कारण नियमांची बैठक बहुतेक पहिल्या सामन्याआधी असते आणि पत्रिकेत नसलेला एखादा नियम तिथे जन्मतो. आधी गटातले सामने, मग बाद फेरी, अशी साधारण रचना असते. गटात दोन संघांचे समान विजय झाले तर धावांच्या फरकावर निर्णय होतो का, ते विचारून घ्या. होत असेल तर पुढे असतानाही ढिलाई नको. नसेल तर मोठ्या आघाडीवर काकांना पिचिंग द्या, तुमचे चांगले हात दुपारसाठी राखून ठेवा.

पिशवीत चेंडू, दोन दांडू, मार्कर, पाणी, उन्हाचं क्रीम, टोप्या, चिकटपट्टी, वही आणि प्रत्येकासाठी एक जादा टी-शर्ट. जेवण हलकं ठेवा. एका वर्षी कुणाच्या तरी घरून मिसळ आली, तर्रीसकट. चवीला अप्रतिम होती, आणि दुपारच्या सामन्यात आमचे दोन गडी उभ्या-उभ्या झोपले.

बऱ्याच ठिकाणी पंच नसतो, दोन्ही कप्तान मिळून ठरवतात. वाद झाला तर आवाज एकाच माणसाचा, आणि तो तुमच्यातला सगळ्यात शांत माणूस असू द्या. चेंडू रेघेच्या आत की बाहेर यावर एकमत होत नसेल तर ‘पुन्हा टाका’ हा इथला सर्वमान्य तोडगा आहे. आपल्या गल्लीतही हाच होता. सामना झाला की रांगेनं हस्तांदोलन करायची पद्धत आहे, ते चुकवू नका.

वहीत प्रत्येक सामन्याचे वॉक आणि स्ट्राइक वेगळे लिहा. धावा तर सगळेच लिहितात. आम्ही त्या वहीवरूनच ठरवलं की पहिली इनिंग काकांनी टाकायची, वेगवान निखिलनं नाही. त्या वर्षी आमचे वॉक निम्म्याहून कमी झाले आणि आम्ही पहिल्यांदा बाद फेरीत पोचलो.

दिवस संपला की चेंडू तसेच गाडीच्या डिकीत टाकू नका. उन्हात ते मऊ पडून चपटे होतात, चपट्या चेंडूवरची ‘डा’ आणि ‘उ’ अक्षरं मग खोटी ठरतात, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. खोक्यात सुटे ठेवा, तळघरात, आणि ‘बि’ असलेले पोरांना देऊन टाका.